समोरच्या दाराला बोलावणं

१ जानेवारी, बुधवार

ही डायरी सईने दिली. म्हणाली, "आई, मनात येईल ते यात लिही, नाहीतर दिवसभर आमच्या डोक्यावर बसतेस." पोरगी कॉलेजात जाते, पण तोंड थेट माझ्या सासूचं. तर लिहिते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं माझं दिवाळीपासून चाललं आहे.

साकीनाक्याचं आमचं युनिट बंद झालं. लग्नानंतर लगेच मी तिथे हिशेबाला लागले होते. मालकाने दिवाळीच्या मिठाईबरोबरच सांगून टाकलं, सगळं भिवंडीला हलवतोय. भांडुपहून भिवंडीला रोज जाणं मला जमणार नव्हतं आणि मी यावं असं मालकालाही वाटत नव्हतं. दोघांचंही काम झालं. तेव्हापासून सकाळी जाग आली की उठावंसं वाटत नाही. सईचे बाबा, हर्षद, मुलुंडच्या मॉलमध्ये सुपरवायझर, ते सातलाच निघतात, सई त्यांच्या मागोमाग. मग घरात मी आणि फ्रिजचा आवाज. मी कोणाच्याही उपयोगाची नाही असं वाटायला लागलं आहे, आणि हे मी हर्षदला सांगितलेलं नाही.

एकच काम हातात आहे, खालचा फळा. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा चाळीतलं आलं ते एवढंच. महिला मंडळाच्या अध्यक्ष उत्तराताई म्हणाल्या, "अनुपमा, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. बायकांबद्दलची एक चांगली बातमी रोज लिहायची. कोणी कप जिंकला, कोणी डॉक्टर झाली, जुन्या काळातलं काही, तब्येतीचं काही. वाचून बायकांना बरं वाटलं पाहिजे." मला स्वतःला बरं वाटत नाही, तिथे मी दुसऱ्यांना काय वाटवणार? पण लिहिते.

वाचत कोणीच नाही. म्हणजे एक जण वाचते. समोरच्या दारातली माझी मोठी जाऊ, रुक्मिणीवहिनी. दूध आणायला उतरली की फळ्यासमोर उभी राहून ओठ हलवत सगळं वाचते आणि वर येऊन मला शंका विचारते. धोंडूभावजी गेले त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. मुलगा सुयोग कुरिअरमध्ये, दिवसभर बाहेर. तिलाही दुसरा उद्योग नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती. मंडळातल्या झाडून सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. मीही फळ्यावर रांगोळीच्या रंगाने चौकट काढली.

दुपारी मंडळाची बैठक झाली. हळदीकुंकू एकोणीस तारखेला, रविवारी. गेल्या वर्षीसारखी तपासणीची गाडी परत येणार. एका संस्थेची गाडी आहे, आत मशीन, चाळिशीच्या वरच्या बायकांची छातीची तपासणी फुकट. गेल्या वर्षी बायका येईनात. "आम्हाला काय धाड भरलीय," म्हणत होत्या. तेव्हा युक्ती मी काढली होती. गेटशी हळदीकुंकवाचं टेबल. कुंकू लावून घ्यायचं, तिथेच नंबरची चिठ्ठी मिळणार, चिठ्ठी घेऊन गाडीत जायचं आणि वाण गाडीतून बाहेर आल्यावरच. वाणासाठी आमच्या बायका चंद्रावर जातील. गेल्या वर्षी ओळ रस्त्यापर्यंत गेली होती.

"यंदाही तसंच ठेवू," उत्तराताई म्हणाल्या. "अनुपमाची आयडिया झकास आहे."

युनिट बंद झाल्यापासून कोणी मला चांगलं म्हटलेलं नव्हतं. घरी येऊन चहा केला आणि उगाचच रडले.

९ जानेवारी, गुरुवार

आज फळ्यावर कोल्हापूरकडच्या एका गावाची गोष्ट लिहिली. दोन-तीन वर्षांपूर्वी त्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, तिला कार्यक्रमातून वगळायचं नाही. बातमी तशी जुनी, पण चांगली बातमी शिळी होत नाही.

वहिनी दुधाची पिशवी घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आली.

"अनुपमा, ह्यो गाव खंय इलो गो?"

"कोल्हापूरकडे, वहिनी."

"लांब आसा काय?"

"लांबच. का हो, जायचंय की काय?"

ती हसली. मग म्हणाली, "नाय, सहज इचारलंय." पिशवी तिने डाव्या हातात धरली होती. उजवा हात पदराखाली. थंडी तशी काही नाही, पण हल्ली ती सारखी अंगभर पदर घेऊन असते. म्हातारी व्हायला लागली. माझ्याहून सात-आठच वर्षांनी मोठी आहे, पण एकटं माणूस लवकर म्हातारं होतं.

जाता जाता दारात थांबली आणि विचारलं, "त्या गाडीत तपासूक बायमाणूसच आसता ना?"

म्हटलं, "हो वहिनी, सगळ्या बायकाच."

वहिनीला साऱ्या जगाच्या चौकशा.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. तिळाचे लाडू वळायला वहिनीकडे बसलो. दरवर्षी लाडू तीच करते. पाक तिला जसा जमतो तसा इथे कोणालाच जमत नाही. सगळ्या मंडळाला तिचे लाडू हवे असतात.

यंदा मात्र हात फार हळू चालत होता. डाव्या हाताने वळत होती. मी म्हटलं, "वहिनी, डावखुऱ्या कधीपासून झालात? असे चपटे लाडू वाटले तर उत्तराताई मला फळ्यावर टांगतील."

"हात जरा भरान इलो हा," म्हणाली. "पाटो-वरवंटो केलंय काल."

सई बाजूला बसून तीळ खात होती. मध्येच म्हणाली, "आई, काकी हळदीकुंकवाला येणार ना?"

मी तिच्याकडे डोळे वटारले. वहिनीने मान खाली घातली आणि पाक ढवळायला लागली. "तुमचो कार्यक्रम, तुमी करा," ती म्हणाली. "मी लाडू वळतंय ना. उगाच कित्याक?"

घरी आल्यावर मी सईला फैलावर घेतलं. "तिला लाज वाटेल असं का बोलतेस? तिथे आल्यावर कुंकू लावायला कोणी बोट पुढे केलं नाही म्हणजे? तिलाच वाईट वाटेल."

"मग तू कर ना पुढे."

"तुझं लग्न झालं की कळेल तुला," असं मी म्हटलं. हे उत्तर नव्हतं ते मलाही कळलं, पण आई झालं की असली उत्तरं चालतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

कुंकवाची कोयरी घेऊन घरोघर बोलावणं करायला निघाले. दार उघडलं तर समोरचं दारही उघडंच. वहिनी उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसलेली. तिने आधी माझ्या हातातल्या कोयरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"वहिनी, जरा सगळ्यांना सांगून येते हं," मी म्हटलं.

"ये, ये."

पुढच्या दारापासून सुरुवात केली. अवघडल्यासारखं झालं खरं. पण रीत आहे ती आहे, ती काही मी काढलेली नाही.

२० जानेवारी, सोमवार

कालचा दिवस! कितीतरी महिन्यांनी मी काल रात्री नीट झोपले.

शंभरच्या वर बायका गाडीत जाऊन आल्या. गाडीतली डॉक्टर दिपाली, तरुण मुलगी आहे, मला म्हणाली, "मॅडम, आम्ही सगळ्या मुंबईत फिरतो, इतकी शिस्तीत रांग कुठे बघितली नाही." टेबलावर मी स्वतः उभी होते. कुंकू, चिठ्ठी, गाडी, वाण. कोणालाही मधून घुसू दिलं नाही. उखाणे झाले, फोटो झाले. वाण म्हणून झाकणाचे डबे होते, त्यांच्या रंगांवरून थोडी भांडणंही झाली. भांडणाशिवाय वाण पचत नाही.

उत्साहात एक लिहायचं राहिलंच. पाच वाजता गर्दी होती तेव्हा वहिनी जिन्यापाशी दिसली. नवी साडी नेसली होती, ती मोतिया रंगाची, सुयोगने पहिल्या पगारात घेतलेली. केस धुतलेले. मला वाटलं, लाडू कमी पडले का बघायला आली असेल. मी हाताने खूण केली, पुरे आहेत म्हणून. पुन्हा पाहिलं तर नव्हती.

संध्याकाळी आपल्या मुलींनी खो-खोचा विश्वचषक जिंकला. आज फळ्यावर ते मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली लिहिलं: आणि आपल्या इमारतीतल्या शंभर जणींनी तपासणी केली. दोन्ही जिंकलो.

वहिनी खो-खोचं वाचून वर आली आणि म्हणाली, "आमी पण खेळललो. शाळेत मी टीमात होतंय." तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. पोळ्या व्हायच्या होत्या, म्हणून पुढे विचारलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी आणि कर्करोग दिनही आजच. फळ्यावर लिहिलं: स्तनाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो. घाबरू नका, लपवू नका.

खालून वर यायला वहिनीला बराच वेळ लागला. दारातूनच विचारलं, "लवकर म्हणजे किती लवकर गो?"

"म्हणजे काय वहिनी, लवकर म्हणजे लवकर. ते डॉक्टरच सांगणार."

"ती गाडी परत कधी येतली?"

"आता थेट पुढच्या संक्रांतीला."

"होय काय," म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं. हल्ली तिचा चेहरा ओढल्यासारखा दिसतो. हळदीकुंकवाला बोलावलं नाही याचा राग अजून गेलेला नाही बहुतेक. माझंही डोकं फिरतं. दोन जागी अर्ज केले होते, एका ठिकाणाहून उत्तर आलं, तरुण उमेदवार हवा आहे. चांगली बातमी लिहिणाऱ्या बाईला चांगली बातमी कोण देणार?

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहिल्याशिवाय बसवत नाही.

सई कॉलेजातून आली ती जेवेना. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. खूप विचारलं तेव्हा म्हणाली, काकीने हाक मारली होती, ब्लाउजचा हूक लावून दे म्हणून, हात मागे जात नाही म्हणून. हूक लावताना सईने पाहिलं. उजव्या बाजूला आत जुन्या धोतराची घडी ठेवलेली होती. ती ओली होती.

"आई, वास येत होता," सई म्हणाली आणि रडायला लागली. "काकी म्हणाली, आईला सांगू नको, ती उगाच घाबरेल."

मी तशीच समोर गेले. वहिनी कणीक मळत होती, एका हाताने. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "वहिनी, दाखवा."

तिने आधी नाही म्हटलं. मग पदर बाजूला केला.

मी जे पाहिलं ते लिहिणार नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या वर्सा संक्रांतीच्या आधी गाठ लागली हाताक. वाटाण्याएवढी. दुखा नाय, खुपा नाय. म्हटलंय, जायत."

"दोनदा गाडी आली वहिनी! दोनदा दारात गाडी आली! तुम्ही का नाही आलात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"इल्लंय मी," म्हणाली. "दोनय वर्सा इल्लंय. जिन्यापर्यंत. तुजा कुंकवाचा ताट बघलंय नि मागे फिरलंय. कुंकू लावल्याशिवाय चिठ्ठी नाय, चिठ्ठीशिवाय गाडी नाय. माका कोण कुंकू लावतला? तुका सगळ्यांच्या समोर अडचण झाली असती."

मला अडचण होऊ नये म्हणून!

घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबला आणि ओरडले. मोतिया रंगाची साडी नेसून ती आली होती आणि मी तिला लाडू पुरे आहेत म्हणून हात केला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परळच्या कर्करोगाच्या दवाखान्यात गेलो. मी, सुयोग आणि वहिनी. हर्षदनी रजा मागितली, मिळाली नाही. टॅक्सीतून उतरताना सुयोग मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकी, तू रोज समोर असतेस ना? मी तर सकाळी जातो तो रात्री येतो. तुला कसं नाही दिसलं?"

त्याचं काय चुकलं? मला सगळं दिसत होतं. लाडू दिसले, पदर दिसला, पिशवीचा हात दिसला. ते सगळं मी या डायरीत लिहूनही ठेवलं आहे, आणि वर तिची थट्टा केली आहे.

आज फळा लिहिला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट आले. फुप्फुसात गेलंय. यकृतातही. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, घाई केली नाही. औषधं देऊ, त्रास कमी करू, वेळ वाढवता आला तर वाढवू, असं म्हणाल्या. बरं करू असं त्या म्हणाल्या नाहीत. सुयोगला ते कळलं नाही, तो औषधांची नावं लिहून घेत होता.

तो औषधं आणायला गेल्यावर मी विचारलं, "मागच्या महिन्यात तपासणी झाली असती तर?"

"मागच्या महिन्यात फार फरक पडला नसता."

मला लाज वाटते, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मग न राहवून विचारलं, "आणि गेल्या वर्षी? गेल्या जानेवारीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "गेल्या वर्षी वाटाण्याएवढी होती म्हणतात ना? तेव्हा आल्या असत्या तर आज आपण वेगळं बोलत असतो."

गेल्या वर्षीची युक्ती माझी. झकास म्हणाले होते सगळे.

वहिनी बाहेर बाकावर बसली होती. मला बघून म्हणाली, "रडू नको गो. लोकां बघतत. चाय पिऊया."

मी तिच्याबरोबर चहा प्यायले. कसा प्यायले, माहीत नाही.

२ मार्च, रविवार

आमच्या इमारतीत सगळी कोकणातली गिरणीकामगारांची घरं. साठीच्या पुढच्या बायकांत निम्म्या तरी एकट्या उरल्या आहेत. गिरण्या गेल्या, मग बाप्ये गेले, काही दारूने, काही नुसते घरी बसून. त्यातली एकही कधी गाडीत चढली नाही. शंभर बायकांची रांग बघताना ती रांग कोणावाचून आहे, हे मी बघितलंच नाही.

संस्थेला फोन करून गाडी परत मागितली. म्हणाले, जूनपर्यंत जमणार नाही, पण बायकांना दवाखान्यात घेऊन या, तिथे करू. मग मी दारोदार फिरले. या वेळी कोयरी नाही, काही नाही. तळमजल्याच्या सखुबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"आता आठवण झाली होय?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं माझ्या दारावरून लाडवाचा वास गेला, माणूस नाय आलं. आता माझं काय बघायचंय तुला? मला काय झालं नाय, जा."

दुसऱ्या चौघींनी बघू म्हणून सांगितलं. एकही तयार झाली नाही. त्यांना मी काय सांगणार, की समोरच्या घरात काय चाललं आहे? वहिनीने शपथ घातली आहे, बोलू नको म्हणून.

उत्तराताईंना मात्र सांगितलं, नाव न घेता. म्हटलं, आपली पद्धत चुकली. त्या म्हणाल्या, "अगं, आपण कोणाला नको म्हटलं का? यायचं होतं त्यांनी." हेच वाक्य जानेवारीत कोणी विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं.

औषधाने वहिनीचे केस जायला लागले आहेत. सईने जाऊन विंचरून दिले. फणीत आले ते कागदात गुंडाळून माझ्यापासून लपवून टाकले. माझ्या पोरीला या घरातलं सगळं माझ्या आधी कळतं.

७ मार्च, शुक्रवार

उद्या महिला दिन. मंडळाला वॉर्डातर्फे ढाल मिळणार आहे, तपासणी शिबिरासाठी. उत्तराताई सांगायला आल्या होत्या. "स्टेजवर तू चल अनुपमा, युक्ती तुझी होती. आणि फळा किती दिवस कोरा ठेवलायस? उद्या तरी झकास काहीतरी लिही."

मी स्टेजवर येणार नाही म्हटलं. त्यांना वाटलं, नोकरी गेल्यापासून माझं हे असं झालंय.

दुपारी वहिनीजवळ बसले. धाप लागते तिला, उशा लावून बसवावं लागतं. बोलायला विषय नव्हता म्हणून खो-खोचं विचारलं. तिचे डोळे एकदम उजळले. सातवीत होती. कणकवलीला तालुक्याच्या स्पर्धा, अनवाणी खेळल्या पोरी. मास्तरांनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना भजी खायला घातली. आठवीला शाळा सुटली, कारण शाळा नदीपलीकडे.

"खो-खोत काय गो, बसान रवाचा लागता," ती म्हणाली. "पाय तयार ठेवून. पाठीर कोणाचो तरी हात पडल्याशिवाय उठाक गावना नाय. मी बरी बसय. मास्तर म्हणायचे, रुक्मिणी कधी आधी उठत नाय."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाडं लागली हाताला. उशीर झालेला हात आहे हा, आणि आम्हा दोघींनाही ते ठाऊक होतं.

८ मार्च, शनिवार

सकाळी लवकर खाली जाऊन फळा पुसला आणि लिहिला:

रुक्मिणी धोंडू परब, चौथा मजला. शाळेत असताना यांच्या खो-खो संघाचा तालुक्यात पहिला नंबर आला होता.

बास. महिला दिनाच्या शुभेच्छा वगैरे काही नाही. कपडे घासावेत तसे हात घासून धुतले, तरी खडू नखात राहिला.

नऊ वाजता सुयोग वहिनीला घेऊन उतरला. रात्री धाप वाढली होती, परळहून भरती करा म्हणून सांगितलं. टॅक्सी गेटशी उभी होती. मी पिशवी घेऊन मागे. फळ्यापाशी ती थांबली. डोक्याला सईचा स्कार्फ, एका हाताने सुयोगच्या खांद्याचा आधार. ओठ हलवत सगळं वाचलं. स्वतःच्या नावावर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

मग हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे दात दिसले.

"पयलो नाय गो," म्हणाली. "दुसरो नंबर इल्लो. कणकवलीच्या पोरी पयल्या इल्ल्यो. खोटा लिवू नको."

मी ओढणीने "पहिला" पुसलं आणि "दुसरा" लिहिलं. तिने नीट बघून घेतलं.

"आता बरा," म्हणाली. "मी येयसर पुसू नको हां. सखुबाईक दाखवूचा हा."

संध्याकाळी बायका ढाल घेऊन आल्या, ढोलताशे लावून. फळ्यासमोर फोटो काढताना कोणीतरी म्हणालं, हे काय, दुसऱ्या नंबरचं काय कौतुक?

१९ मार्च, बुधवार

रोज परळ. इमारतीत कोणी विचारलं तर वहिनी गावाला गेली म्हणून सांगते. छातीतलं पाणी काढतात, पुन्हा भरतं. ती झोपूनच असते. काल थोडा वेळ जागी होती. मी कुंकवाची कोयरी पर्समध्ये नेली होती, कशाला नेली माझं मलाच माहीत. काढून दाखवली. म्हटलं, "वहिनी, लावू?"

तिने बराच वेळ कोयरीकडे बघितलं. मग मान हलवली. नको.

"थयच लावूचा हुता," म्हणाली. "सगळ्यांच्या समोर."

मी कोयरी परत पर्समध्ये ठेवली. तिने माझा हात धरून ठेवला, त्यामुळे मला उठून बाहेर जाऊन रडताही आलं नाही.

हर्षद घरी आल्यावर म्हणाले, "तू एकटीच दोषी आहेस का? मी तिचा सख्खा दीर, मी कधी म्हटलं वहिनीला बोलवा म्हणून?" हे बरं वाटावं म्हणून बोलले. वाटलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

उत्तराताईंनी सकाळपासून दोनदा निरोप पाठवला. पाडव्याच्या शोभायात्रेची सूचना लिहायची आहे, फळा मोकळा करा. अक्षरं आता पुसट झाली आहेत, मुलांचे खांदे लागून "तालुक्यात" अर्धं गेलं होतं, ते मी काल परत गिरवलं.

दुपारी स्वतः उत्तराताई वर आल्या. सोबत सखुबाईही होत्या. सखुबाई म्हणाल्या, "ते खाली लिवलंय ते आपल्या रुक्मिणीचं ना? मला नातवाने वाचून दाखवलं. खो-खो खेळायची? कधी बोलली नाय." आणि मग म्हणाल्या, "दवाखान्यात न्यायचं म्हणत होतीस ना तू? सोमवारी जमेल मला. पण रुक्मिणीला पण घे. दोघी असलो म्हणजे बरं."

मी हो म्हटलं.

उत्तराताई म्हणाल्या, "आणि फळ्याचं काय?"

मी म्हटलं, "वहिनींनी सांगितलंय, मी येईपर्यंत पुसू नको. त्या आल्या की पुसते."

"बरं बाई, येऊ दे तिला," म्हणत दोघी गेल्या. लिफ्टपाशी सखुबाई सोमवारी कुठली साडी नेसू विचारत होत्या.

सुयोगचा फोन या दोघी यायच्या आधीच येऊन गेला होता. हर्षद परस्पर तिकडे निघाले आहेत, सई कॉलेजातून येते आहे. समोरचं दार उघडून ठेवायचं आहे, वहिनीला ठेवायला जागा करायची आहे. इमारतीत मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.